विज्ञान लोकांपुढे मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा विज्ञानाच्या गप्पा होतात. जागा वाचनालयाची, चहा वर्गणीतला. पीएचडी करणारी मुलं, शिक्षक, कृषी सहायक, पत्रकार आणि काही चिडलेले श्रोते यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आमच्या अनुभवातली आहेत. तुमच्या गावात ती वेगळी निघाली तर कळवा.

१. शाळेत विज्ञान शिकवतातच. मग हे वेगळं काय?

शाळेत कंटाळलेल्या मुलाला उठून जाता येत नाही. वाचनालयात आलेला माणूस पाचव्या मिनिटाला चपला शोधू लागतो. शिवाय त्याला परीक्षा द्यायची नसते, निर्णय घ्यायचा असतो: पेरणी आत्ता करायची की थांबायचं, विहीर अजून खोल न्यायची का, बाळाला लस टोचायची का. त्याला धडा नको असतो, त्याच्या प्रश्नाशी जोडलेली माहिती हवी असते आणि ती माहिती तुम्हाला कुठून कळली हेही हवं असतं.

मराठीत हे काम नवं नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं, त्यात विज्ञानाचे विषय असत. पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ १९२८ साली निघालं. योगायोग असा की रामन परिणामाचा शोधही त्याच वर्षीचा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. तेव्हा ‘मराठीत विज्ञान सांगता येईल का’ या चर्चेत आम्ही आता वेळ घालवत नाही.

२. माझा संशोधनाचा विषय फार किचकट आहे. गावातल्या माणसाला त्यात काय रस असणार?

हा प्रश्न बहुतेक वेळा संशोधकाच्या भीतीतून येतो. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या काही तर शेतांच्या मधोमध. दूरच्या दीर्घिकांमधल्या (गॅलेक्सींमधल्या) हायड्रोजनपासून सुरुवात केली तर भोवतालचा शेतकरी ऐकेलच असं नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो: या तबकड्यांच्या आसपास कारखान्यांवर बंधनं का? उत्तर असं की आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की साध्या मोटारीच्या ठिणगीनं किंवा टॉवरच्या संदेशानं त्या बुडून जातात. हे त्याला पटलं की मग ‘इतकं क्षीण ऐकून तुम्हाला कळतं तरी काय’ हा प्रश्न तोच विचारतो. तिथे तुमचा हायड्रोजन येतो.

म्हणून विषय सोपा करण्याआधी ऐकणाऱ्याच्या कुंपणाला तो कुठे टेकतो ते शोधा. खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास दुर्बीण लोकांसाठी खुली असते आणि शाळांचं प्रदर्शन भरतं. एकदा जाऊन या आणि भाषणं सोडून लोक स्वयंसेवकांना काय विचारतात ते कान देऊन ऐका.

३. पारिभाषिक शब्दांचं काय करायचं? मराठी शब्द वापरले तर कळत नाहीत, इंग्रजी वापरले तर लोक नावं ठेवतात.

आमचा नियम साधा आहे: लोकांच्या तोंडात जो शब्द आहे तो आधी. डीएनए, व्हायरस, ऑक्सिजन हे आता मराठीच आहेत. ‘गुरुत्वाकर्षण’ आणि ‘कृष्णविवर’ही रुळलेत. जो रुळलेला नाही तो एकदा सांगून, समजावून, पुढे सरळ वापरावा; दर वाक्यात माफी मागू नये.

शेतात मात्र उलट चित्र दिसतं. तांबेरा, करपा, भुरी, मर, बोंडअळी हे शब्द शेतकऱ्याकडे आधीच आहेत, आणि विद्यापीठातून नवखा आलेला मुलगा लॅटिन नाव सांगत बसतो. पण इथे एक खाच आहे. लोकांचा शब्द आणि शास्त्रातली गोष्ट यांची जोडी नेहमी एकास एक नसते. कपाशीचा ‘लाल्या’ घ्या. पानं लाल झाली की लाल्या. कारण मात्र कधी मॅग्नेशियमची कमतरता, कधी रात्रीचा गारवा, कधी तुडतुडे. शब्द तोच ठेवा, पण ‘लाल्यावर औषध कुठलं’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देऊ नका.

आणखी त्रासदायक असतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. ‘केमिकल’ म्हणजे विष, असा बाजारातला अर्थ आहे. पाणीही रसायनच आहे हे सांगितलं की लोकांना तुम्ही शब्दांचा खेळ करताय असं वाटतं. ‘ऊर्जा’ शब्द सत्संगातही आहे आणि भौतिकशास्त्रातही. ‘थिअरी’ म्हणजे नुसता तर्क, असं अनेकांना वाटतं. ‘उत्क्रांती ही फक्त थिअरी आहे’ हे वाक्य तिथूनच येतं. असे शब्द आले की थांबावं आणि ‘मी हा शब्द या अर्थानं वापरतोय’ असं म्हणावं. अर्धं मिनिट जातं, भांडण वाचतं.

४. आकडे आणि टक्के कसे सांगावेत?

दरवर्षी एप्रिलमध्ये बातमी येते: मान्सून सरासरीच्या अमुक टक्के. गावात तिचा अर्थ असा लागतो की आपल्या शिवारात तेवढा पडणार. खरं तर हा आकडा अख्ख्या देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा मिळून असतो. दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर आहे आणि ९६ ते १०४ टक्क्यांच्या मधला पाऊस हवामान खात्याच्या लेखी ‘सामान्य’. देश सामान्य असताना तुमचा तालुका कोरडा राहू शकतो. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत पडूनही बेरीज बरोबर येते आणि पीक जातं. हे सांगितलं नाही, तर ऑक्टोबरात लोक म्हणतात, ‘खात्याचं खोटं ठरलं.’ खातं तेवढं खोटं नसतं. सांगणाऱ्यानं अर्धं गिळलेलं असतं.

आकडा हाताला लागेल असा करा. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १० लिटर, म्हणजे एकरी सुमारे ४० हजार लिटर. टँकरची क्षमता ज्याला माहीत आहे तो पुढचा हिशेब स्वतः करतो, आणि स्वतः केलेला हिशेब विसरत नाही.

धोक्याच्या बाबतीत ‘दुप्पट झाला’ म्हणताना आधी किती होता हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. दहा हजारात एक होता आणि दोन झाले, हेही दुप्पटच.

५. एखाद्या गोष्टीचं कारण अजून ठाऊक नसेल तर लोकांसमोर काय बोलायचं? ‘माहीत नाही’ म्हटलं तर विश्वास जातो.

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं उल्काविवर, पाणी खारट आणि कमालीचं अल्कधर्मी. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरात, हातात फोन. दोन दिवसांत शैवाल, प्रदूषण, कोप, असं सगळं सांगून झालं होतं. काही जाणकारांनीही पहिल्या तासातच ठाम कारण देऊन टाकलं.

योग्य उत्तर त्या दिवशी असं असायला हवं होतं: खारट पाण्यात रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव वाढले की असा रंग येतो, जगात इतर खाऱ्या तळ्यांतही दिसलेला आहे, इथे शैवाल आहे की दुसरं काही, ते नमुने तपासल्यावर कळेल, नमुने गेले आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की हे मीठ आवडणारे हॅलोआर्किया जातीचे सूक्ष्मजीव आहेत. पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि ते फोफावले.

म्हणजे ‘माहीत नाही’ एवढ्यावर कधी थांबू नये. त्याला तीन शेपट्या जोडाव्यात: काय माहीत आहे, काय तपासतोय, कधी कळेल. आणि कळल्यावर परत येऊन सांगावं. ही शेवटची पायरी जवळपास सगळे विसरतात. आम्हीही एकदा विहिरींच्या पाण्याचे नमुने नेले आणि निकाल सांगायला आठ महिने गेलो नाही. त्या वस्तीत आजही आमच्याकडे बघून हसतात.

६. लोक घाबरलेले असतील तर? तेव्हाही शक्यता, अनिश्चितता वगैरे सांगायचं?

सांगायचं, पण क्रम बदलून. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले आणि लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले. अशा माणसाला आधी ‘आज रात्री मी काय करू’ याचं उत्तर हवं असतं: कुठल्या घरात झोपू नये, जड वस्तू कुठे ठेवू नयेत, धक्का बसल्यावर काय करावं. भूकंप कधी येईल हे कुणालाच आधी सांगता येत नाही, हे त्यानंतर, स्पष्ट शब्दांत. ‘घाबरू नका’ हे वाक्य मात्र पूर्ण वर्ज्य. त्यानं आजवर कुणाचीही भीती गेलेली नाही.

७. चमत्काराची बातमी आली की लगेच खोडून काढायची का? लोक चिडतात.

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो ही बातमी भल्या पहाटे दिल्लीकडून निघाली आणि दुपारपर्यंत देशभर पोचली, तीही मोबाईल नसताना. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाची ओढ) आणि केशाकर्षण (बारीक फटीत द्रवाचं आपोआप शिरणं) ही कारणं सांगितली. ती बरोबर होती, पण रांगेत उभ्या असलेल्या बाईंच्या डोळ्यांसमोर चमच्यातलं दूध खरंच कमी होत होतं. तिच्या डोळ्यांपेक्षा तुमचा शब्द मोठा का मानावा?

मग दुधात रंग घालून तेच करून दाखवण्यात आलं. सोंडेला टेकलेलं रंगीत दूध पातळ थरानं मूर्तीवरून खाली ओघळताना स्वच्छ दिसलं. पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध दिसत नव्हतं, एवढंच. इथे कुणी देवाबद्दल एक शब्द काढला नाही. चमचा, दूध आणि रंग: तिघंही घरात असतात, ज्याला शंका आहे त्यानं करून बघावं.

ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली आणि लोक बाटल्या भरून पिऊ लागले. तिथे चमत्कार खरा की खोटा हा वाद घालायला वेळच नव्हता. पाणी घाण आहे, लहान मुलांना पाजू नका, हा निरोप पहिला. पावसाळ्यात खाडीतून आलेल्या गोड्या पाण्यामुळे खारटपणा घटतो, हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालतं.

टिंगल करून एखादं हशा-टाळ्यांचं भाषण होतं. आमच्याकडे एका पाहुण्यांनी ते केलं. पुढच्या महिन्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि रिकाम्या झाल्या त्या नेमक्या ज्यांच्यासाठी हे चालवतो त्यांच्या.

८. ग्रहणाच्या दिवशी घरात सुनेला कोंडून ठेवतात. आजी ऐकतच नाहीत. काय करावं?

गर्भवती बाईला किंवा बाळाला ग्रहणाच्या सावलीनं काही होत नाही. अन्नही नासत नाही. एवढं शांतपणे सांगावं. पण ग्रहणाच्या दिवशी वाद जिंकायला जाऊ नये. ज्या सुनेला चार तास उपाशी बसवलंय, तिला तुमच्या वादाचा राग संध्याकाळी सोसावा लागतो. निदान तिला पाणी आणि औषधं मिळतील इतकं आधी बघा.

आजींना काम द्या. ग्रहण सूर्याचं असेल तर स्वयंपाकघरातली सुट्या सुट्या भोकांची चाळण उन्हात धरायला सांगा. जमिनीवर प्रत्येक भोकाचा एक, असे शेकडो चंद्रकोरीसारखे सूर्य पडतात. आमच्या गावातल्या एका आजींनी ते पाहून शेजारच्या दोघींना हाक मारली होती. सोवळं मोडलं की नाही, ते आम्ही विचारलं नाही.

इथे संशोधकांकडूनही एक चूक झालेली आहे. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला ‘सूर्याकडे बघू नका, डोळे जातील’ हा इशारा इतका जोरात दिला गेला की लोकांनी त्याचा अर्थ ‘घराबाहेर पडू नका’ असा घेतला, आणि रस्ते ओस पडले. शास्त्राचा इशारा जुन्या भीतीला जाऊन मिळाला. म्हणून दोन्ही वाक्यं एका दमात सांगावीत: बाहेर जरूर या, आणि उघड्या डोळ्यांनी बघू नका. आयएसओ १२३१२-२ प्रमाणित ग्रहणचष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच चालते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल चालत नाहीत. २ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे; चष्मे आयत्या वेळी मिळत नाहीत.

९. ‘हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीतच होतं’ असं कुणीतरी सभेत उठून म्हणतं. त्याला काय उत्तर?

आधी विचारा, काय माहीत होतं? कारण काही गोष्टी खरंच होत्या. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या सुमारास ग्रहणाचं कारण सावली असल्याचं सांगितलं. म्हणजे प्रश्न ८ मधल्या आजींना सांगायला परदेशी नाव घ्यायची गरज नाही. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची, आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या वंशजांची नोंद आहे. जे आहे ते अभिमानानं सांगावं. विमानं आणि प्लास्टिक सर्जरीचा मुद्दा निघाला की ‘पुरावा कुठला’ एवढंच विचारावं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावं.

१०. ज्योतिष खोटं आहे हे सिद्ध करता येतं का?

‘खोटं आहे’ असं म्हणत बसण्यापेक्षा दावा तपासता येतो. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात तशी चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, मिसळल्या आणि ज्योतिषांना आवाहन केलं: प्रत्येकी ४० कुंडल्या घ्या आणि कुठली कुणाची ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं. एका संस्थेनं सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या, त्यात १०२ बरोबर. नाणं उडवून जे मिळतं तेच.

या चाचणीची रीत मला निकालापेक्षा जास्त आवडते. दावा करणाऱ्यांना बोलावलं, अटी आधी जाहीर केल्या. सभेत हा प्रश्न आला की आम्ही मुलांनाच नाणं उडवायला लावतो: ४० वेळा, नोंद करून. कुणाचे २४ बरोबर येतात, कुणाचे १७. नशिबानं २४ येऊ शकतात हे एकदा हातानं अनुभवलं की ‘आमच्या गुरुजींचं एक भाकीत खरं ठरलं’ या वाक्याचं वजन मुलं स्वतःच करतात.

११. पत्रकारांनी माझं म्हणणं उलटंच छापलं. आता बोलणं बंद करू का?

बंद केलंत तर तुमच्या जागी कुणीतरी बोलेल, ज्याला विषय माहीत नाही.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांच्या बातम्यांचं असंच होतं. बिबट्या नुसता दिसला तरी ‘दहशत’, ‘धुमाकूळ’, ‘नरभक्षक’. बातमी आली की पिंजरा लावा, पकडा, लांब सोडा, असा दबाव वन खात्यावर येई. अडचण अशी की जुन्नर भागातल्या अभ्यासातून विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांना दिसलं होतं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले. २०११ मध्ये वन खातं, संशोधक आणि मुंबईकर यांनी मिळून उपक्रम सुरू केला. त्यात पत्रकारांसाठी कार्यशाळा होत्या. बातमी आल्यावर खुलासा पाठवण्याऐवजी बातमी यायच्या आधी पत्रकारांना भेटायचं, असा तो मार्ग होता.

त्यांच्याकडे एक गोष्टही होती. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या उद्यानापर्यंत गेला, शेतं, रस्ते आणि वस्त्या ओलांडत, कुणालाही इजा न करता. ‘लांब सोडला की प्रश्न मिटतो’ या समजुतीला याहून चांगलं उत्तर कुठल्या तक्त्यात सापडेल?

पण जिथे माणूस मेला आहे तिथे ही गोष्ट सांगायला जाऊ नका. त्या घरी आधी प्रश्न ६ लागू होतो.

पत्रकारांशी बोलताना कामाची गोष्ट: तुमचं मुख्य वाक्य लिहून द्या, मराठीत, वीस शब्दांच्या आत. छापून यावं असं वाटत नसेल ते बोलूच नका.

१२. कुटुंबाच्या ग्रुपवर काकांनी पाठवलेल्या फॉरवर्डला काय उत्तर द्यावं?

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरण येणार, मोबाईल लांब ठेवा’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय, दरवेळी ‘आज रात्री’च. ग्रुपवर सगळ्यांसमोर काकांना खोटं पाडलंत तर मुद्दा बाजूला राहतो, मानापमान होतो. त्यांना फोन करा. ‘काका, यात तारीखच नाहीये, बघितलंत का?’ एवढं पुरतं. पुढच्या वेळी काका तारीख शोधतात. लस किंवा औषधाबद्दल जिवावर बेतणारा निरोप असेल तर मात्र ग्रुपवरच, लगेच, दोन ओळींत लिहा. काकांची समजूत नंतर काढता येते.

१३. लोकांनाच आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल तर?

पुष्कळदा असतंच. कुठल्या भरतीला कुठला मासा येतो हे कोळ्याला विचारा, कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी टिकतं ते गुराख्याला. लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडा-प्राण्यांची गावकऱ्यांच्या माहितीवरून केलेली नोंद) ही कल्पना यावरच उभी आहे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक ओहोटीच्या वेळी नागरिकांना खडकाळ किनाऱ्यांवर नेतात, हाजीअलीच्या मागे प्रवाळ आहेत हे अनेक मुंबईकरांनी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. फक्त नोंद घेताना सांगणाऱ्याचं श्रेय लिहा आणि त्याला विचारून लिहा. औषधी झाडाची जागा छापून आली आणि महिन्याभरात झाड मुळासकट गेलं, असंही घडतं.

याच्या उलटं उदाहरण पश्चिम घाटाचं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं घाटाचं पर्यावरण कसं जपावं याचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला. तो जाहीर व्हायला मे २०१२ उजाडलं, तेही माहितीच्या अधिकारात झगडून. अहवाल स्थानिक भाषांत आणून ग्रामसभांपुढे ठेवावा, हा गाडगीळांचा आग्रह होता. तोवर सिंधुदुर्गापासून केरळपर्यंत ‘आता घराला रंगही देता येणार नाही’ छापाच्या अफवा गावोगाव पोचल्या होत्या. इंग्रजीत शेकडो पानं असलेला अहवाल आणि मराठीत एका ओळीची अफवा, अशी ती शर्यत होती. ज्यांच्या जमिनीबद्दल लिहिता त्यांच्या भाषेतली चार पानं अहवालासोबतच तयार हवीत. भाषांतराचं नंतर बघू म्हटलं की ते होत नाही.

१४. यासाठी वेळ आणि पैसा कुठून आणायचा? मार्गदर्शक म्हणतात, आधी पेपर लिही.

मार्गदर्शक अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पीएचडीच्या शेवटच्या वर्षात आमच्याकडे यायला आम्हीही सांगत नाही. पण केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत आणि त्यात संशोधकानं वर्षाला किमान दहा दिवस अशा कामाला द्यावेत असं म्हटलं आहे. तो कागद मार्गदर्शकांपुढे ठेवून बघा. पैशांचं म्हणाल तर वाचनालय फुकट आहे, आणि चहाची वर्गणी माणशी दहा रुपये. पाहुण्यांना एसटीचं भाडं देतो, मुक्काम कुणाच्या तरी घरी.